कशासारखाच न दिसणारा रंग

रंगाच्या दुकानात डबे संपतात आणि किस्से उरतात. माणूस घराला लागतो त्याच्यापेक्षा थोडा रंग जास्तच नेतो, आणि काही दिवसांनी उरलेला डबा घेऊन परत येतो. "घेता काय जी वापस?" मी घेत नाही. मशीनवर मिसळलेला रंग परत घेऊन मी करू काय, तो त्याच्याच भिंतीचा झाला. मग तो माणूस बाकावर बसतो आणि हा रंग काहून आणला होता, कोण काय म्हणालं, घरात काय झालं, ते सांगतो. ते मात्र मी ठेवून घेतो. ते सुकत नाही, त्याच्यावर साय धरत नाही आणि ठेवायला रॅकही लागत नाही.

सानगडीत बाजाराच्या रस्त्याला माझं दुकान आहे. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मी एकच गोष्ट शिकलो. एकटा रंग निरपराध असतो. लाल म्हणजे लाल. त्याच्या शेजारी दुसरा रंग बसला की दोघांच्या मध्ये तिसरा कोणीतरी येऊन बसतो. एखादा साबण, एखादं ऑफिस, एखाद्याची आत्या. हा तिसरा शेड कार्डात छापलेला नसतो.

हे मी गुणवंतलाही सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही.

गुणवंत माझा शाळेपासूनचा मित्र. घरची धानाची शेती, पोरगा नितेश राईस मिलमध्ये सुपरवायझर. नितेश इतका सरळ की साधी सुपारी खात नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याची सोयरीक ठरल्यातच जमा होती. मुलीचा मामा घर पाहायला आला आणि फाटकापाशीच थांबला. घराच्या भिंती हिरव्या, खाली पिवळा पट्टा. मामाच्या गावातल्या देशी दारूच्या दुकानालाही नेमका हाच हिरवा आणि हाच पिवळा. मामा चहा प्यायला, पोहे खाल्ले, नितेशशी गोड बोलला, आणि घरी जाऊन निरोप पाठवला, "पोराले नाद असन."

आता मंडईला नाकाडोंगरीचे पाहुणे यायचे होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लोक दुकानं पाहतात, नाटक पाहतात, आणि त्या निमित्तानं एकमेकांची पोरं-पोरी पाहतात. ही सोयरीक मोडली तर गुणवंतची बायको, आमच्या शकुंतलावहिनी, अन्न सोडतील, अशी घरात हवा होती. गुणवंत दुकानात आला आणि म्हणाला, "सुधाकर, मले असा रंग दे, का तो पाहून कोणाले काहीच नाही आठवलं पायजे."

मी शेड कार्ड उघडून त्याच्यापुढे ठेवलं.

"याच्यात हाये?"

"नाही," मी म्हणालो.

बाकावर आमचा पेंटर प्रेमदास बसला होता. अर्ध्या तालुक्याच्या भिंती त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. तो म्हणाला, "गुणवंतभाऊ, तुम्ही बसा. तुमाले पयले काही सांगावं लागन."

*

गुणवंतनं लाल आणि पिवळ्यावर बोट ठेवलं होतं. तिथूनच सेवकरामचा विषय निघाला.

सेवकराम रिटायर होऊन गावी आला आणि त्यानं घराला लाल रंग आणि खिडक्यांना पिवळी चौकट मारून घेतली. हौस. दुसऱ्याच दिवशी एका म्हातारीनं खिडकीतून लिफाफा आत टाकला. भावाची राखी होती. सेवकराम बाहेर धावला, "आजी, हे पोस्ट नाही, घर हाये." आजी म्हणाली, "माहीत हाये बाप्पा, आज सुट्टी हाये. उद्या पाठवजो."

आता एवढ्या लांबून आलेल्या म्हातारीला कोण परत पाठवणार? सेवकरामचा साळा रोज साकोलीला जातो, त्याच्याजवळ लिफाफा दिला. राखी वेळेवर पोचली. इथंच घात झाला. सणाच्या आधी लोक रांगेनं यायला लागले. सेवकरामनं खिडकीवर पाटी लावली, "हे पोस्ट नाही." लोक पाटी वाचत आणि तिच्याच खालून पत्र टाकत. शेवटी त्यानं खिडकीखाली एक टोपली ठेवली, कारण पत्रं त्याच्या वरणात पडायची.

मागच्या पावसाळ्यात खरा पोस्टमन त्याच्या खिडकीशी आला. सेवकरामला वाटलं, आता कंप्लेंट. पोस्टमननं पिशवीतून एक लिफाफा काढला आणि म्हणाला, "बायकोच्या माहेरी पाठवाचा हाये. जरा अर्जंट होतं."

गुणवंतनं लाल-पिवळ्यावरचं बोट उचललं.

*

"मंग निळा अन् लाल?" त्यानं विचारलं.

प्रेमदासनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रेमदासकडे.

शाळेच्या वळणावर दिलीपचा पानठेला आहे. त्यानं ठेल्याला गडद निळा रंग देऊन मधून लाल पट्टा ओढला. रंग माझ्याच दुकानचा, उरलेला, स्वस्तात दिला. ठेला उघडला आणि गिऱ्हाईक बंद झालं. येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला ठेला दिसला की स्लो व्हायचा, डोक्यावर हेल्मेट चढवायचा, मागं बसलेल्या दोघांपैकी एकाला खाली उतरवायचा आणि नाकासमोर पाहत निघून जायचा. पान कोण खाणार?

एक जण तर थांबला, गाडी स्टॅन्डला लावली, लायसन काढून दिलीपच्या हातात दिलं आणि मान खाली घालून उभा राहिला. दिलीप चुना लावत होता. त्यानं लायसन पाहिलं, फोटो पाहिला, आणि म्हणाला, "दाढी वाढली तुमची."

"करतो साहेब आजच," तो म्हणाला आणि गेला.

दिलीप माझ्याकडे रंग बदलायला आला, तर त्याच्या मागोमाग सरपंच आले. "काही बदलू नको गा," सरपंच म्हणाले. "त्या वळणावर आमी ब्रेकर मागून राहिलो, तो काही येत नाही." तेव्हापासून दर दिवाळीला ग्रामपंचायत दिलीपचा ठेला रंगवून देते, निळा आणि लाल. दिलीप पान विकायला मागच्या गल्लीत बसतो.

*

गुणवंत घरी गेला आणि त्यानं आपला मार्ग काढला. दुकानातून छोटे छोटे डबे नेले आणि प्रेमदासकडून समोरच्या भिंतीवर दोन-दोन रंगांचे पट्टे मारून घेतले. मग स्वतः फाटकात खुर्ची टाकून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचा आणि विचारायचा, "सांगा जी, हे पाहून का आठवते?"

गुलाबी-पांढऱ्याला लोक म्हणाले दंतमंजन. निळ्या-पिवळ्याला म्हणाले कपडे धुवायची पावडर. तांबड्या-सायीच्या रंगाला चहापत्तीचा पुडा. राखाडी-केशरीला एक जण बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हे तं कुरिअरवाल्याचं शर्ट. अरे, महं पार्सल," आणि फोन काढून भांडायलाच लागला.

गुणवंतनं चिडून सगळी एक बाजू पांढरी करून टाकली. दुसरा रंगच नाही, आठवणार काय? दिवसभर प्रत्येक माणसानं थांबून विचारलं, "पुट्टी झाली वाटते. रंग कधी मारता?"

शेवटी लोक त्याच्या घरासमोरून जाणं टाळून तलावाच्या पाळीवरून जायला लागले. शकुंतलावहिनी दारात येऊन म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, यानं अजून एक पट्टा मारला तं मी माहेरी जातो. तिथल्या भिंती शेणानं सारवल्या हायेत, त्या कोणाले काही विचारत नाही."

*

सगळेच रंगाच्या आठवणीला भीत नाहीत. काही लोक त्याच आठवणीसाठी रंग नेतात. त्याच आठवड्यात मी गुणवंतला कुसुमताईची गोष्ट सांगितली, जरा धीर यावा म्हणून.

कुसुमताई आमच्या बाजारात भाजी विकते. एकदा दुकानात आली आणि सयपाकघरासाठी वर साय रंग आणि खाली पिस्ता मागितला.

"ताई, हा तं दवाखान्याचा रंग झाला," मी म्हणालो.

"हो जी. तोच पायजे."

"काहून?"

"महं ऑपरेशन झालं तवा मी तिथं भरती होतो. सकाळी कोणी उठवे नाही. चहा कोणी दुसरं आणून दे. नर्सबाई म्हणे, तुम्ही उठू नका. इतक्या जिंदगीत मले कोणी म्हटलं नाही का उठू नको."

मी रंग मिसळून दिला. पैशात थोडं कमी-जास्तही केलं, जे मी सहसा करत नाही.

काही दिवसांनी तिचा नवरा उरलेला डबा घेऊन आला. चेहरा पडलेला. बाकावर बसला.

"काय झालं जी?"

"काही नाही. सयपाकघरात गेलो का आपोआप हळू बोलतो मी. चप्पल बाहेर काढतो. ती खाटेवर पडली राहते, चहा मीच करतो."

"मग त्यात काय?"

"चहा देऊन जरा बसलो तं म्हणते, भेटाची वेळ संपली."

गुणवंतला यानं धीर आला नाही. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "पिस्ता रंग तुह्या दुकानात अजून हाये काय? असन तं माह्या बायकोले दाखवू नको."

*

बाबुरावच्या बैलाचं प्रकरण मात्र गुणवंतनंच काढलं. कारण त्याच्या भिंतीवरच्या एका पट्ट्याकडे पाहून कोणीतरी "कोणाचा प्रचार करून राहिला गा?" असं विचारलं होतं.

पोळ्याला आमच्याकडे बैलांच्या शिंगांना ऑइल पेंट देतात. बाबुरावनं आपल्या बैलाला खाली एक आणि टोकाला दुसरा असे दोन रंग दिले. कोणते ते मी सांगत नाही, मला सगळ्यांना रंग विकायचा असतो. पोळा झाला आणि निवडणूक लागली. आचारसंहितेचं पथक आलं, सोबत कॅमेरा. भिंती झाकल्या, खांब झाकले, आणि मग साहेबांना रस्त्यानं येणारा बैल दिसला.

"हा कोणत्या पक्षाचा?"

"बैल हाये साहेब," बाबुराव म्हणाला.

"रंग कोणाचे आहेत?"

"सुधाकरच्या दुकानचे."

साहेबांनी झाकायचा हुकूम दिला. बाबुरावच्या बायकोनं दोन पिशव्या शिवल्या आणि शिंगांना बांधल्या. दुसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीवाल्यांची तक्रार आली. पिशव्या बांधल्यापासून सारं गाव विचारून राहिलं होतं की आत कोणता रंग आहे, आणि घरोघर नेमकं तेच नाव घेतलं जात होतं.

साहेब वैतागून माझ्या दुकानात आले. प्रेमदास बाकावर होता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "साहेब, एक शिंग यांचं करू, एक त्यांचं."

साहेबांनी वर फोन लावला. मग परवानगी मिळाली.

निवडणूक झाली, कोण आलं, कोण पडलं, ते सोडा. बाबुराव सांगतो, तो बैल आधी औताला जुंपला की उजवीकडे ओढायचा. त्या दिवसापासून सरळ चालतो.

*

मंडई तोंडावर आली तेव्हा गुणवंतच्या डोक्यात नवीनच आलं. आपलं एकट्याचं घर दिसतं म्हणून लोकांना काहीतरी आठवतं. रस्त्यावरची सगळीच घरं एका रंगाची केली तर?

"बपेऱ्यात ते होऊन चुकलं," प्रेमदास म्हणाला. तो स्वतः त्या कामावर होता.

एका फोनच्या कंपनीनं बपेऱ्याला येऊन रस्त्यावरची सगळी घरं फुकटात रंगवून दिली होती. वर निळा, खाली पांढरा, मध्ये कंपनीचं चिन्ह. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मग पलीकडून, मध्य प्रदेशातून, एका घरचे जावई संध्याकाळी सासुरवाडीला आले. त्यांच्या खुणेचं पिवळं घर गायब. सगळीकडे निळं-पांढरं. ते अंदाजानं एका घरात शिरले आणि पलंगावर बसले.

त्या घरचा म्हातारा भला माणूस. पाहुणा आला, पाय धुवायला पाणी दिलं. नाव विचारणं बरं दिसत नाही. जावईही विचारेना, सासऱ्याला ओळखलं नाही असं कसं म्हणायचं? कोंबडं कापलं गेलं. जावयांनी पोटभर जेवून म्हाताऱ्याला सांगितलं, "बाबूजी, इस बार बहुत मान किया आपने. पहले तो दाल पे निपटा देते थे."

सकाळी शेजारच्या घरातून बायको रडत आली तेव्हा उलगडा झाला. सासरा माफी मागायला गेला. जावई म्हणाले, गैरसमज होतो कधी कधी, रंगच एक आहे. त्यानंतर कंपनी बंद पडली, रंग उडाला, सासऱ्यानं घर पुन्हा पिवळं केलं, लांबून दिसेल असं.

जावई अजूनही त्या म्हाताऱ्याकडेच उतरतात.

*

मंडईच्या दिवशी गुणवंतचं घर कसं होतं ते सांगतो. एक बाजू पांढरी. समोरची भिंत सगळी पट्ट्यांनी भरलेली. प्रेमदासनं आदल्या दिवशी हात टेकले होते, "भाऊ, तुम्ही एक रंग सांगा, मी मारतो. पण सांगा." गुणवंतनं सांगितला नाही. आणि पाहुणे सकाळीच आले.

मुलीचे वडील डोमाजी, खाणीतून रिटायर झालेले, आणि मुलीचे काका. डोमाजी बोलत नव्हते. काका दोघांचं मिळून बोलत होते.

"जरा काम चालू हाये," गुणवंत म्हणाला. मी आणि प्रेमदास ओसरीवर खुर्च्या मांडत होतो. नितेश नवीन शर्ट घालून दारात उभा होता आणि त्याच्या मागे वहिनी, पदराचं टोक मुठीत घट्ट.

काका प्रदर्शन पाहावं तसे भिंतीच्या कडेनं निघाले. "ही आमची बँक. तिनं मले लोन दिलं नाही." पुढचा पट्टा. "ही वैनगंगेच्या पुलावर उलटली ती ट्रॅव्हल्स." पुढचा. "हा आमच्या मोठ्या बहिणीच्या लग्नाचा मांडव. ते लग्न मोडलं होतं." प्रत्येक पट्ट्याला गुणवंत थोडा थोडा खाली बसत होता. शेवटी तो खरंच पायरीवर बसला. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, गेली ही पण."

काका येऊन खुर्चीवर बसले, पोहे आले. डोमाजी आले नाहीत.

ते भिंतीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीमागं उभे होते. तिथं पट्टा नव्हताच. प्रेमदासनं काम संपवताना ब्रश पुसला होता. सगळ्या रंगांचा मिळून झालेला वांगी-काळपट डाग, आणि त्याच्यावर आडवी हळदीसारखी रेघ. डोमाजी त्याच्याकडे पाहत होते. काकांनी हाक मारली, "दादा, चहा थंडा होऊन राहिला." डोमाजींनी ऐकलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग डागाच्या शेजारी भिंतीला तळहात टेकवला, डागावर नाही, शेजारी.

चहा थंड झाला. वहिनींनी दुसरा ठेवला.

डोमाजी आले, बसले, एक घोट घेतला आणि म्हणाले, "पोरगी दिली."

गुणवंतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "घर आतून तं पाहा जी."

"पाहिलं," डोमाजी म्हणाले. "ते मागचं पुसू नका."

संध्याकाळी गुणवंत दुकानात येऊन म्हणाला, "प्रेमदास, पूर्ण घराले तोच रंग मार." प्रेमदासनं सांगितलं, "भाऊ, तो ब्रश पुसला होता. दुसऱ्यांदा तसा नाही पुसता येत." मी मशीनवर करून पाहिलं, निघाला नाही. मग बाकीच्या घराला काय मारायचं ते गुणवंतनं प्रेमदासवर सोडलं. त्यानं स्वतःला हवा तो मारला आणि टाकीमागचा तेवढा तुकडा सोडून दिला. मी डोमाजींच्या भावाला, त्याच काकांना, फोनवर विचारलं, त्या डागात डोमाजींना काय आठवलं. तोही म्हणाला, "दादा सांगत नाही जी. विचारलं तं पान लावते."

लग्न झालं. वरात दारात आली. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या. नवी सून चार पावलं आली आणि तिची नजर टाकीमागं गेली. ती थांबली. नितेशला वाटलं पायात काही रुतलं.

"मामंजी," ती गुणवंतला हळूच म्हणाली, "हे बाबानं पाहिलं होतं काय?"

"हो बाई. हेच पाहून हो म्हणाले ते."

"हे पाहून बाबानं मले दिलं? मायलेबी त्यानं अशाच हळदी काठाचं लुगडं पाहूनच हो म्हटलं होतं."

आणि तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. वहिनींना वाटलं रडते, त्यांनी ताट माझ्या हातात देऊन तिला जवळ घेतलं. ती हसत होती. इतकी हसत होती की शेवटी तिचा पाय लागून माप कलंडलं, ते तिनं मुद्दाम ओलांडायच्या आधीच, आणि तांदूळ थेट घरात गेले.